वादळात राहिलेलं तारू

आई या वर्षी श्रावणात गेली. दिवसकार्य झाल्यावर घर आवरताना नात्यातल्या एका मुलीने देवघराखालच्या फळीवरचं, कापडात बांधलेलं जाड पुस्तक सोडून पाहिलं. "बायबल? आपल्या घरात?" ती म्हणाली, आणि पानं चाळत पुढे, "हे नक्की लिहिलंय तरी कुणी?" मी म्हटलं, दोन्ही प्रश्न एकाच गोष्टीतले आहेत, सवडीने सांगेन. सवड आता भरपूर आहे. आईच्या औषधांच्या वेळा राहिल्या नाहीत. म्हणून सावकाश लिहिते आहे.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. मी मॅट्रिक होऊन शाळेतल्या नेमणुकीची वाट बघत घरी बसले होते. आमचं घर मालवणच्या उत्तरेला, खाडीच्या तोंडाशी. एका छपराखाली दोन बिऱ्हाडं, एका बाजूला आम्ही आणि दुसऱ्या बाजूला थोरले काका. मधली भिंत माळ्यापर्यंत गेलेली नव्हती. इकडचं बोलणं तिकडे आणि तिकडचा खोकला इकडे सहज ऐकू येई. देवघर मात्र दोघांचं मिळून एकच होतं, ओटीच्या कडेला.

बाबा आणि काका तरुणपणी एकाच मचव्यावर होते. कौलं, मीठ, नारळ भरून मुंबईपासून मंगळुरापर्यंत जात. पुढे काकांनी दर्या सोडला आणि शेती धरली. गावच्या देवळात आमच्या घराला मान होता. शिमग्यात देवाची पालखी आमच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात थांबे. तो मान काका सांभाळत. बाबा मात्र खलाशांचे म्होरके, तांडेल होऊन मचव्यावरच राहिले.

दोघांच्या तरुणपणातलं एक वादळ आमच्या घरात कायम असे. रेडीच्या अलीकडे मचवा त्यात सापडला, रात्रभर नांगर टाकून ते उजाडायची वाट बघत राहिले, आणि वाचले. इथपर्यंत दोघांचं एकमत. काका सांगत, आधी मिठाच्या गोणी दर्यात टाकल्या, मग डोलकाठी मोडली. बाबा सांगत, डोलकाठी आधी, गोणी मागाहून. खरं कुठलं, असं मी लहानपणी आईला विचारलं होतं. "दोघांक एकदम इचारू नको," ती म्हणाली होती, "नायतर वादळ परत येतला."

बाबांना छातीचं दुखणं लागलं तेव्हा त्यांना दूरच्या एका मिशनच्या दवाखान्यात ठेवलं. पावसाळा त्यांनी तिथेच काढला. शेजारच्या खाटेवर एक म्हातारे ख्रिस्ती मास्तर होते. ते संध्याकाळी बायबल वाचत. बाबा एकदा त्यांना म्हणाले, "मास्तरानू, ह्या कोणी लिवल्यान?" मास्तर हसले, आणि मग त्यांनी कितीतरी संध्याकाळी तेच सांगितलं.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी बाबांना घरी न्यायला सांगितलं. का, ते आईला बाजूला घेऊन सांगितलं. बाबांच्या ट्रंकेत कपड्यांखाली ते पुस्तक होतं.

"मास्तर गेले," बाबा म्हणाले. "तेंच्या माणसांनी माका दिल्यानी."

मास्तरांनी सांगितलेलं सगळं बाबांना पाठ झालं होतं. खाटेवर उशीला टेकून, दम घेत घेत ते मला सांगत. "ह्या एक पुस्तक नाय गो चेडवा. कपाट आसा." मेंढपाळांचं, राजांचं, कोळ्यांचं, तुरुंगात पडलेल्यांचं, सगळ्यांचं त्यात होतं. पहिल्यांदा कुणी लिहिलं नव्हतं, आजा नातवाला सांगे आणि तो नातू आपल्या नातवाला. मग कुणी कातड्यावर लिहिलं, कुणी लव्हाळ्याच्या कागदावर. जुना भाग बहुतेक सगळा इब्री म्हणजे हिब्रू भाषेत, नवा ग्रीकमध्ये. हातांनी नकला करून पुढच्यांना दिल्या. कुठलं ठेवायचं आणि कुठलं नाही यावर माणसं वर्षानुवर्षं भांडली, आणि अजूनही सगळ्या ख्रिस्ती लोकांची यादी एक नाही. मराठीत आणलं ते परदेशी पाद्री आणि इथले पंडित यांनी एकाच चटईवर बसून.

"मगे खरा कशावरून, असा मी तेंका इचारलंय," बाबा म्हणाले.

"मगे?"

"मास्तर म्हणाले, ते मी तुम्हाला पटवू शकणार नाही. मी वाचतो, तुम्ही ऐका."

बाबा दर्यावरचे, म्हणून मास्तरांनी त्यांच्यासाठी मधूनच एक गोष्ट काढली. प्रभूचा एक माणूस कैदी होऊन तारवातून निघालेला आहे, आणि तारू वादळात सापडतं. तेवढं वाचून झालं आणि मास्तरांना ताप भरला. त्यानंतर त्यांनी पुस्तक हातात घेतलं नाही.

"तारू थंयच रवला," बाबा म्हणाले. "वादळात."

मी म्हटलं, मी शोधून काढते आणि पुढचं आत्ता वाचते. बाबांनी हात वर केला. "मधीच नको. मास्तर मागाहून म्हणाले, आपण चुकलो, पहिल्यापासून वाचायला हवं होतं. तारवात कोण बसलेलो आसा ताच म्हायत नाय, तर तो बुडलो काय आणि तरलो काय. पहिल्यापासून वाच."

ती गोष्ट पुस्तकाच्या शेवटाकडे होती. मी अंगठ्याने पानांची जाडी दाबून बघितली आणि बाबांच्या गळ्याखालचा खळगा बघितला. तो दर श्वासाला आत जात होता.

मी वाचायला लागले. सकाळी पेज झाल्यावर, दुपारी, दिवेलागणीपर्यंत. एखादं पान गाळलं तर बाबांना कळे. "आता तर तो इहिरीकडे होतो," ते डोळे न उघडता म्हणत, "हंय कसो पोचलो?" वंशावळींनी मी कंटाळून जाई, त्यांना मात्र त्या आवडत. कोण कुणाचा मुलगा हे कळल्याशिवाय ते पुढे जाऊ देत नसत.

पहिल्याच दिवशी मला एक गोष्ट खुपली होती. जग कसं झालं ते पुस्तकात लागोपाठ दोनदा सांगितलं आहे, आणि दोन्ही जुळत नाहीत. मॅट्रिकची हुशारी होतीच. मी म्हटलं, "बाबानू, ह्या जुळणा नाय. ह्येतला एक खोटा असतला."

"रेडीचा वादळ जुळता?" बाबा म्हणाले.

भिंतीपलीकडे काका खाकरले. तेव्हा मला कळलं की तिकडेही कुणीतरी ऐकतं आहे.

पौष लागला आणि गावात बोलणं सुरू झालं. विहिरीवर आईच्या शेजारून घागरी लवकर उचलल्या जाऊ लागल्या. मासळीवाली आमच्या दारात टोपली टेकेनाशी झाली. बाबा मिशनमध्ये बाटून आले, रोज ख्रिस्ती देवाची पोथी वाचतात, असं मसुऱ्याच्या बाजारापर्यंत गेलं होतं. काकांना गावच्या माणसांनी देवळात बोलावून विचारलं. ते परत आले ते थेट देवघरात गेले, आणि तिथे देवांच्या शेजारी, कापडात बांधलेलं, वर जास्वंदीचं फूल वाहिलेलं ते पुस्तक त्यांना दिसलं.

"ह्या हंय कोणी ठेवल्यान?"

आई पदर सावरून दारात आली. "मी."

"कित्याक?"

"देवाचा पुस्तक म्हणतत. मगे खंय ठेवू, भावजी? भाताच्या कणगीत?"

तिला खरंच वेगळं सुचलं नव्हतं. देवाचं म्हटलं की देवघरात. कुठल्या देवाचं, हा प्रश्न तिच्या डोक्यात आला नव्हता. मी वाचून झालं की ती पुस्तक उचलून तिथे ठेवी आणि सकाळी फूल वाहून मला आणून देई.

काका बाबांच्या खाटेपाशी आले. बसले नाहीत. "गावात काय बोलतत तुका म्हायत आसा? ह्यो बाटलो म्हणतत. शिमग्याक पालखी आपल्या खळ्यात थांबाची नाय."

"मी बाटाक नाय, दादा."

"माका सांगान काय उपयोग? पुस्तक घरात आसा तवसर कोण आयकाचो नाय." ते थोडं थांबले, आणि आईकडे न बघता म्हणाले, "उद्या काय बरावाईट झाला तर खांदो देवक कोण येतलो?"

आईने दाराची चौकट धरली. बाबा मरणार हे घरात आम्हा सगळ्यांना माहीत होतं, पण ते असं कुणी मोठ्याने म्हटलं नव्हतं. आईला भीती वाटत होती ती त्यापुढची. तिने एका वाळीत टाकलेल्या घरातलं मढं लहानपणी पाहिलं होतं. घरच्या बायकांनी आणि एका म्हाताऱ्याने ते गाडीवर घालून नेलं होतं.

"पुस्तक फेकूक मी सांगणंय नाय," काका म्हणाले. "देवाचा आसा तर देवासारख्या सोडूया. होडयेत घालून, फुल वाहून, दर्यात."

आमच्याकडे जुने भंगलेले देव, जीर्ण पोथ्या अशाच सोडत. काकांच्या मनात त्या पुस्तकाचा अपमान नव्हता. म्हणूनच त्यांच्याशी भांडता येत नव्हतं.

बाबा बराच वेळ श्वास गोळा करत राहिले. "माका आधी पोचव, दादा. मगे पुस्तक सोड."

मग आई म्हणाली, "देवाक इचारूया."

काका देवळाचे मानकरी. देवाला विचारायला ते नाही म्हणू शकले नाहीत.

आमच्या देवळात देवाला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. देवाच्या पाषाणाला उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतात आणि गाऱ्हाणं घालून प्रश्न मांडतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्या दिवशी सकाळी काका, गुरव, गावची जाणती माणसं आत होती. आई आणि मी खांबाच्या कडेला उभ्या होतो.

"बा देवा म्हाराजा," गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "ह्या लेकराच्या घरात परक्या देवाचा पुस्तक इलेला आसा. ता दर्यात सोडूक तुझो हुकूम आसात तर उजवो कौल दी. घरात रवांदे, असा आसात तर डावो दी."

"व्हय म्हाराजा," माणसं म्हणाली.

पाकळ्या तशाच होत्या. आम्ही बघत राहिलो. एरवी कौल लवकर होई, नाहीतर गुरव पुन्हा गाऱ्हाणं घाली आणि मग होई. त्याने पुन्हा घातलं. उन्हाची तिरीप उंबऱ्यावरून आत सरकली. उजवीकडची एक पाकळी खालून सुटली होती, नुसत्या टोकावर लटकत होती. ती पडली असती तर त्याच संध्याकाळी पुस्तक खाडीत गेलं असतं. इतक्यात उजव्या अंगाच्या दारातून वारा आला आणि ती पाकळी हलली.

काका उठले आणि त्यांनी ते दार लावून घेतलं.

"रवांदे हो," गुरव हळूच म्हणाला, "वाऱ्यान पडली तरी कौल तो कौल. आमकाय जेवूचा आसा."

"मी वाऱ्याक इचारूक येवक नाय," काका म्हणाले.

ते परत पाषाणासमोर मांडी घालून बसले. त्यांना पुस्तक नको होतं. दार उघडं ठेवलं असतं तर कुणी काही म्हणालं नसतं.

दुपार टळली तरी एकही पाकळी पडली नाही. शेवटी गुरवाने हात जोडले. "देव बोलणा नाय. अमावाशेक परत इचारूया." आणि तोपर्यंत पुस्तक आहे तिथेच राहणार, कारण ज्याचा कौल झाला नाही त्याला हात लावायचा नाही, ही देवळाची रीत होती. जाणती माणसं नाखुशीने उठली. वाटेत आई मला म्हणाली, "अमावाशेपर्यंत होतला काय गो वाचून?"

मी वाचत सुटले. आवाज बसला तेव्हा आई आल्याचा काढा करून देई, आणि मी परत वाचे. त्या दिवसांत आम्ही येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार भागांवर आलो होतो. चौघांनी तीच गोष्ट सांगितलेली, आणि चौघांचं कुठे ना कुठे वेगळं. एकाला दोन माणसं दिसली तिथे दुसऱ्याला एक. आता मला ते खुपत नव्हतं. ज्यांनी हे पुढे दिलं त्यांना ते कानस लावून जुळवून घेता आलं असतं. त्यांनी ते जसं हाती आलं तसं ठेवलं. मला काकांनी लावलेलं दार आठवे. पुस्तक कुणी लिहिलं याचं उत्तर मास्तरांनी बाबांना दिलं होतं आणि ते खरंच होतं. पण त्यावर विश्वास ठेवायचा म्हणजे काय करायचं, हे मला पाषाणासमोर मांडी घालून बसलेल्या, बायबलचं नावही न काढणाऱ्या माणसाकडे बघून थोडंसं कळलं. उत्तर आपल्याला हवं ते येवो न येवो, आपल्या हाताने पाकळी पाडायची नाही. बसून राहायचं.

बाबांचे पाय सुजले होते. ते आता मधेच दाद देत नसत. गाळलेलं पान ओळखतील की नाही याची मला खात्री नव्हती, आणि म्हणूनच मला गाळवत नव्हतं.

अमावास्या अजून यायची होती. एका दुपारी आम्ही तारवापाशी पोचलो.

बाबांनी डोळे उघडले. वारा फिरला, शिडं उतरवली, तारू वाहवत चाललं. खलाशांनी आधी माल दर्यात टाकला आणि मग तारवाचं सामान. मी तिथे थांबले. बाबांच्या ओठांच्या कडा हलल्या.

"आधी माल," ते म्हणाले. "दादाक सांगू नको."

भिंतीपलीकडे कुणीतरी नाक शिंकरलं.

मी पुढे वाचलं. बरेच दिवस सूर्य नाही, तारे नाहीत. मग एका रात्री खलाशांना जमीन जवळ आल्याचा भास होतो आणि ते दोरीला शिसं बांधून पाण्याची खोली बघतात. आधी वीस वाव, थोडं पुढे गेल्यावर पंधरा. बाबांचा हात पांघरुणावरून उचलला गेला आणि बोटं दोरी सोडल्यासारखी उघडली. "खडप आसा पुढे," ते म्हणाले. "नांगर टाका म्हणा."

त्यांनी नांगर टाकले होते. तारवाच्या मागच्या अंगाने चार. आणि उजाडण्याची वाट बघत राहिले.

"थांब," बाबा म्हणाले.

"थोडाच रवलाहा, बाबानू."

"नाय. आता उजाडासर काय करूक येणा नाय. पडान रवाचा. उद्या वाच."

दुसऱ्या दिवशी ते बोलले नाहीत. मी पुस्तक घेऊन खाटेशी बसले, पण त्यांनी डोळे उघडले नाहीत, आणि त्यांनी उद्यासाठी ठेवलेलं, ते ऐकत नसताना मला वाचवेना. त्याच्या पुढच्या दिवशी पहाटे ते गेले.

आईने हंबरडा फोडला नाही. ती ओटीवर आली आणि खळ्याकडे बघत उभी राहिली. कुंपणाबाहेर माडांखाली गावची माणसं जमली होती. आत कुणी येत नव्हतं. बांबू आणायला कुणी निघालं नव्हतं. ती सगळी काकांच्या दाराकडे बघत होती आणि आई त्यांच्याकडे. उन्हं माडांच्या शेंड्यांवरून खाली आली. एक कावळा खळ्यात उतरला, चालला, उडाला.

काका बाहेर आले. त्यांनी अंगातला सदरा काढून खुंटीला अडकवला, टॉवेल खांद्यावर टाकला, आणि कुंपणापाशी जाऊन उभे राहिले.

"बांबू कोण तोडता?"

एक जाणता माणूस म्हणाला, "त्या पुस्तकाचा अजून..."

"देव गप रवलो," काका म्हणाले. "मगे तुमका कित्याक बोलूचा आसा?"

मग मागच्या बाजूने दोघं बांबूच्या बेटाकडे गेले, आणि थोड्या वेळाने कोयत्याचा आवाज आला. आई खाली बसली. तेव्हा तिला रडू आलं.

पुढचा खांदा काकांचा होता.

अमावास्या सुतकात आली. सुतकात देवळाची पायरी चढायची नसते, म्हणून कौल विचारायचा प्रश्न आला नाही. बाबांची खाट होती तिथे पीठ पसरून त्यावर दिवा ठेवला होता. बाराव्या दिवशी संध्याकाळी मी दिव्यात तेल घालत होते. काका आमच्या बाजूला आले, उंबऱ्याच्या आत, भिंतीला टेकून खाली बसले.

"ता तारू," ते म्हणाले. "पोचला काय?"

मी म्हटलं, मी पुढे वाचलेलं नाही.

"आण मगे."

मी देवघरातून पुस्तक आणलं. आई चुलीपुढून उठून दारात आली. मी पान शोधलं आणि काकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सुरुवात केली.

"मोठ्यान वाच," काका म्हणाले. त्यांनी दिव्याकडे हनुवटी हलवली. "उद्यापर्यंत तो घरातच आसा."

मी मोठ्याने वाचलं. उजाडलं. समोर जमीन होती, पण ओळखीची नव्हती. नांगरांचे दोर तोडले, शीड वाऱ्यावर सोडलं, आणि तारू वाळूत रुतलं. पुढचं टोक अडकून बसलं, मागचं लाटांनी फुटू लागलं. ज्यांना पोहता येत होतं त्यांनी उड्या टाकल्या. बाकीचे कुणी फळीवर, कुणी तारवाच्या तुकड्यावर. माझा आवाज मधे एकदा फाटला. काका थांबून राहिले, मी परत सुरू केलं, आणि शेवटपर्यंत गेले.

"सगळे?" काकांनी विचारलं.

"सगळे. कैदी पण."

काकांनी मान हलवली. मग दिव्याकडे बघून, खाटेवरच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "आयकलंस मा रे?"

आईने माझ्या हातातून पुस्तक घेतलं आणि कापडात बांधलं. देवघरापाशी जाऊन ती घुटमळली. काका बघत होते. तिने ते देवांच्या शेजारी न ठेवता खालच्या फळीवर ठेवलं. काका उठले, दिव्याची वात थोडी पुढे सारली, आणि आपल्या बाजूला गेले. पुढच्या अमावास्येला त्यांनी कौल लावला नाही. त्यानंतरही कधी लावला नाही.